जुनी, महागडी बास गिटार घेण्यापूर्वी: नेक आधी, चमक नंतर

नवरात्राला तीन-चार महिने उरले की बडोद्यात गरब्याच्या वाद्यवृंदांची जुळवाजुळव सुरू होते आणि तिच्याबरोबर जुन्या वाद्यांची खरेदी-विक्रीही. कुणी शिकायला परदेशी जाताना आपले वाद्य काढून टाकतो, कुणी चार तारांवरून पाच तारांकडे वळतो, तर कुणाच्या घरी ते वर्षानुवर्षे पलंगाखाली पडून असते. यंदा मे महिन्याच्या अखेरीस माझ्या भाच्याने अशीच एक जाहिरात मला दाखवली. दांडिया बाजारातल्या एका घरी अमेरिकी बनावटीची, पंधरा-एक वर्षे वापरलेली बास गिटार विकायची होती आणि मागितलेली किंमत होती सव्वा लाख रुपये. माझ्या बहिणीने विचारलेला प्रश्न बहुतेक घरांत विचारला जातो: रंग उडालेल्या, पोचे पडलेल्या लाकडाला एवढे पैसे कशाचे, आणि द्यायचेच ठरले तर वाद्य धड आहे हे ओळखायचे कसे?

या प्रश्नाचे उत्तर एका क्रमात आहे. जे नंतर बदलता किंवा दुरुस्त करता येत नाही, ते सर्वांत आधी तपासावे; जे सहज बदलता येते, ते किंमत ठरवण्यासाठी राखून ठेवावे. बहुतेक खरेदीदार नेमके उलटे करतात. ते आधी रंग पाहतात, मग आवाज ऐकतात आणि मुख्य गोष्ट पाहायची राहून जाते.

बास म्हणजे काय आणि ती महाग कशामुळे

बास गिटार हे वाद्यवृंदाचा तळ सांभाळणारे वाद्य आहे. (मराठी घरात हा शब्द उच्चारला की ‘पुरे’ असा अर्थ घेतला जातो, हे आम्ही वाजवणारे लहानपणापासून सोसत आलो आहोत.) तिच्या चार तारांपैकी सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते; पाच तारांच्या बासमधली पाचवी तार तर सुमारे ३१ वेळा. इतका खालचा सूर काढायचा म्हणजे तार लांब आणि जाड हवी. प्रचलित बासमध्ये तारेची कंप पावणारी लांबी ३४ इंच, म्हणजे सुमारे ८६ सेंटिमीटर असते.

अमेरिकेत लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये ‘प्रिसिजन बास’ बाजारात आणली. तोपर्यंत तळाचे सूर माणसाच्या उंचीच्या, पडदे नसलेल्या डबल बासवर वाजत. या नव्या वाद्याला पडदे होते, त्यामुळे सूर नेमका लागे आणि नावही त्यावरूनच पडले. १९६० मध्ये ‘जॅझ बास’ आली. १९६५ मध्ये फेंडर यांची कंपनी सीबीएस या अमेरिकी प्रसारण कंपनीला विकली गेली, आणि म्हणूनच त्याआधीच्या वाद्यांना संग्राहक आजही वेगळी किंमत मोजतात. आपल्याकडे विक्रीला येणारी उंची वाद्ये सहसा इतकी जुनी नसतात. ती गेल्या वीस-पंचवीस वर्षांतली फेंडर, म्युझिक मॅन, वॉर्विक किंवा क्वचित रिकनबॅकर अशा नावांची असतात. त्यांची किंमत निवडलेले लाकूड, नेकची घडण, फ्रेट बसवण्यातली सफाई आणि आयातीचा खर्च यांतून येते. रंगाचा वाटा त्यात अगदी थोडा असतो.

दीड गोणी सिमेंटचा ताण

सतारीला आपण जिला दांडी म्हणतो, तिला गिटारवाले नेक म्हणतात, आणि तिच्यावर ठोकलेल्या धातूच्या आडव्या पट्ट्यांना फ्रेट. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असल्यामुळे सरकवता येतात. गिटारचे फ्रेट लाकडात रुतवलेले असतात. म्हणून नेक वाकली की सगळा हिशेबच बिघडतो.

आणि वाकण्याचे कारण कायम हजर असते. चार तारांचा मिळून नेकवर पडणारा ताण साधारण ७५ ते ८० किलो भरतो. दीड गोणी सिमेंट एका लाकडी पट्टीला रात्रंदिवस, पंधरा वर्षे ओढत आहे, अशी कल्पना करावी. हा ताण तोलण्यासाठी नेकच्या पोटात लोखंडी सळई घातलेली असते, तिला ट्रस रॉड म्हणतात. तिचे टोक पान्याने फिरवले की ती तारांच्या विरुद्ध दिशेला जोर लावते आणि नेक पुन्हा सरळ होते. नेक अगदी सुतासारखी सरळही नको असते. तार मधल्या भागात जास्त झुलते, तेव्हा तिला जागा मिळावी म्हणून नेकला किंचित खोलगटपणा ठेवावा लागतो.

हा खोलगटपणा मोजायला उपकरण लागत नाही, कारण ताणलेली तार हीच आपली मोजपट्टी असते. वाद्य वाजवण्याच्या स्थितीत धरावे, जाड तार पहिल्या फ्रेटवर दाबावी, दुसऱ्या माणसाला ती शेवटच्या फ्रेटवर दाबायला सांगावी आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार व फ्रेट यांच्यातली फट पाहावी. सुमारे ०.३ ते ०.४ मिलिमीटर फट योग्य मानली जाते. दांडिया बाजारातल्या त्या घरी भाच्याने खिशातून व्हिजिटिंग कार्ड काढले आणि फटीत सरकवले. ते तारेला न उचलता, हलकेसे घासत आत गेले. कार्ड ढिले पडले असते तर नेक जास्त वाकलेली, आणि तार फ्रेटला आधीच टेकलेली असती तर ती मागे वळलेली, असे समजायचे. हीच परीक्षा सर्वांत बारीक तारेवरही घ्यावी. दोन्हीकडच्या फटींत मोठा फरक आढळला तर नेकला पीळ पडलेला असू शकतो, आणि पीळ ट्रस रॉडने सुटत नाही.

यापुढची पायरी मात्र बहुतेक जण गाळतात. नेक आज सरळ दिसते, एवढे पुरेसे नसते; तिला सरळ ठेवणाऱ्या सळईत अजून किती फिरणे शिल्लक आहे, हे विचारावे लागते. मालकाला सांगून ट्रस रॉड आधी पाव फेरा सैल करावा आणि मग पुन्हा तेवढाच आवळावा. तो सहज फिरला आणि फटीत फरक पडला, तर सळई जिवंत आहे. तो हलत नसेल, त्याचे षट्कोनी तोंड गोल झाले असेल, किंवा नटाखाली कुणी वॉशर घातलेले दिसले, तर आटे संपले असण्याची शक्यता मोठी. काही जुन्या बनावटींत ट्रस रॉडचे तोंड नेक आणि धड यांच्या सांध्यात दडलेले असते आणि तिथे पोहोचायला नेक सोडवावी लागते. मालक तेवढे करू देत नसेल तर तसे स्पष्ट गृहीत धरून किंमत बोलावी.

आमची हवा आणि माझी फसगत

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. काही वर्षांपूर्वी एका विक्रेत्याकडून मी ऐन मे महिन्यात एक उत्तम दिसणारी बास घेतली. नेक सरळ होती, तारा बोटाखाली लोण्यासारख्या चालत होत्या आणि किंमतही वाजवी होती. जुलैमध्ये, पावसाचे पाच-सहा दिवस गेल्यावर, तारा फ्रेटपासून इतक्या वर उचलल्या गेल्या की बाराव्या फ्रेटच्या वर बोट दाबवेना. पाना लावला तर तो ढिम्म हलेना. सळई आधीच शेवटच्या आट्यापर्यंत आवळलेली होती, आणि उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत ती कशीबशी तग धरून होती. नेक बदलण्याचा खर्च वाद्याच्या निम्म्या किमतीपर्यंत जात होता.

लाकूड हवेतला ओलावा शोषते आणि सोडते. त्या वेळी ते फुगते किंवा आकसते. बडोद्याचा एप्रिल-मे कोरडा आणि रणरणता, तर जुलै-ऑगस्ट ओलाकिच्च. त्यामुळे आपल्याकडे वाद्य कोणत्या ऋतूत पाहिले, यालाही महत्त्व आहे. उन्हाळ्यात फ्रेटबोर्ड, म्हणजे फ्रेट ज्यावर बसवलेले असतात ती पट्टी, रुंदीत आकसते. धातू मात्र आकसत नाही, म्हणून फ्रेटची टोके कडेला बाहेर येतात. तळहात नेकच्या कडेने हलकेच फिरवला की ती करवतीसारखी लागतात. हा दोष कानशीने निघतो, त्यामुळे घाबरण्याचे कारण नाही. पण वाद्य कसे ठेवले गेले होते, हे तो सांगून जातो.

झिजलेले फ्रेट आणि लपवलेली खरखर

फ्रेट बहुधा जर्मन सिल्व्हरचे असतात. नावात सिल्व्हर असले तरी त्यात चांदीचा कणही नसतो; ते तांबे, निकेल आणि जस्त यांचे मिश्रण असते. बासच्या तारा जाड आणि बहुधा पोलादी असल्यामुळे पहिल्या सात-आठ फ्रेटवर तारेखाली खाचा पडतात. टॉर्च आडवा धरून पाहिले तर त्या स्पष्ट दिसतात. उथळ खाचा सर्व फ्रेट एका पातळीत घासून घालवता येतात. पण दर वेळी फ्रेटची उंची कमी होते, आणि एका मर्यादेनंतर नवे फ्रेट बसवण्यावाचून गत्यंतर उरत नाही. मेपलच्या रोगण लावलेल्या पट्टीवर हे काम आणखी वाढते.

यानंतर प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर एकदा वाजवून पाहावी. चार तारा आणि वीस-एकवीस फ्रेट म्हणजे ऐंशीच्या आसपास सूर. पाच मिनिटांचे काम आहे आणि विक्रेत्याने कितीही गप्पा मारल्या तरी ते अर्धवट सोडू नये. एखाद्या सुराला खरखर आली तर पुढचा फ्रेट वर आलेला असू शकतो. तंबोऱ्यात जी झणकार आणण्यासाठी आपण तारेखाली सूत सरकवत बसतो, तीच इथे दोष ठरते.

मात्र इथे एक चलाखी संभवते. घोडीवरचे स्क्रू फिरवून तारा उंच केल्या की खरखर नाहीशी होते, पण वाद्य वाजवायला जड होते. तारेची फ्रेटपासूनची उंची, जिला ॲक्शन म्हणतात, ती बाराव्या फ्रेटपाशी जाड तारेखाली साधारण अडीच मिलिमीटर असावी. चार मिलिमीटर असेल तर ती तेवढी का ठेवली आहे, असे विचारावे आणि तारा खाली घेऊन पुन्हा वाजवावे. नेक जिथे धडाला मिळते, तिथले शेवटचे फ्रेट वर चढलेले असतील तर तो दोष या परीक्षेत उघडा पडतो. त्या भागावर ट्रस रॉडची सत्ता चालत नाही.

‘सेटअप केला की सगळे ठीक होते ना?’

विक्रेत्यांचे हे आवडते वाक्य आहे आणि ते अर्धे खरे आहे. सेटअप म्हणजे ट्रस रॉड, तारांची उंची आणि घोडीवरच्या सॅडलची जागा यांची जुळवणी. सॅडल म्हणजे घोडीवरचा, तारेला टेकू देणारा सुटा तुकडा. त्याची जागा चुकली तर मोकळी तार सुरात आणि वरचे सूर बेसूर, अशी अवस्था होते. मोबाइलवरचा ट्यूनर लावून बाराव्या फ्रेटवरचा हलक्या स्पर्शाचा सूर आणि दाबून वाजवलेला सूर जुळतात का, ते पाहावे. जुळत नसतील तर सॅडल मागेपुढे सरकवता येतो. पण तो आधीच आपल्या जागेच्या टोकाला पोहोचला असेल, तर घोडीच चुकीच्या जागी बसवली आहे किंवा नेक बदललेली आहे, अशी शंका घ्यावी. तारा फार जुन्या असतील तरीही सूर चुकतात, म्हणून नव्या तारांचा एक संच सोबत नेणे शहाणपणाचे.

सेटअपने तडा, पीळ आणि संपलेला ट्रस रॉड यांतले काहीही सुधारत नाही. नटच्या मागे, म्हणजे डोक्याजवळच्या (नेकच्या खुंट्या असलेल्या टोकाजवळच्या) खाचांच्या पट्टीपाठी, टॉर्च तिरपा मारून केसाएवढी रेघ शोधावी आणि तिच्यावरून नख फिरवावे. रंगातली चीर नखाला सहसा लागत नाही. लाकडातली बहुधा लागते. नेक स्क्रूने जोडलेली असेल तर निदान ती बदलता येते. पण काही उंची बासमध्ये नेक हीच धडाच्या मधोमध शेवटपर्यंत गेलेली असते. तिथे नेक बिघडली म्हणजे वाद्यच बिघडले, म्हणून अशा वाद्याबाबत मी दुप्पट संशयी असतो.

मुका पडणारा सूर

सगळे जागच्या जागी असूनही एखादा सूर इतरांपेक्षा लवकर विझतो, तेव्हा त्याला डेड स्पॉट म्हणतात. बहुधा तो सर्वांत बारीक तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास सापडतो. नेकची स्वतःची एक कंपनसंख्या असते. तारेचा सूर तिच्याशी जुळला की नेकच डोलू लागते आणि तारेची शक्ती पिऊन टाकते. झोक्यावर बसलेल्या मुलाला अचूक वेळी ढकलले की झोका चढतो आणि दमतो ढकलणारा, तसा हा प्रकार आहे. लाखो रुपयांच्या बासमध्येही तो आढळतो आणि त्यावर पूर्ण इलाज नाही; डोक्यावर वजनाची छोटी पट्टी चिकटवून तो थोडा सरकवता येतो, इतकेच. एकेक सूर वाजवून मनात आकडे मोजावेत. शेजारचे सूर आठ-दहा आकडे टिकत असताना एखादा तीनवरच मावळला, तर तो आपल्या कामाचा सूर आहे का, हे ज्याचे त्याने ठरवावे.

बॅटरी, बटणे आणि गुणगुण

तारेखालचे चुंबकी पिकअप तिच्या कंपनांचे विजेत रूपांतर करतात. काही बासमध्ये पुढे बॅटरीवर चालणारा छोटा प्रवर्धक, म्हणजे प्रीॲम्प, असतो. अशा वाद्याला ॲक्टिव्ह म्हणतात. बॅटरीची खोली उघडून गंज पाहावा, प्रत्येक बटण दोन्ही टोकांपर्यंत फिरवावे आणि केबल जॅकपाशी हलवून आवाज तुटतो का ते ऐकावे. बटणाची खरखर पुष्कळदा स्प्रेने जाते. आधुनिक जॅझ बासमध्ये दोन्ही पिकअपचा आवाज पूर्ण उघडला की गुणगुण बहुतांशी थांबते आणि एकाचा बंद केला की पुन्हा येते. हा दोष नव्हे, त्या रचनेचा स्वभाव आहे. यांतले काहीही बिघडले तरी बदलता येते, म्हणून या भागावर मी फार वेळ घालवत नाही. अपवाद एवढाच की मूळ प्रीॲम्प किंवा पिकअप काढून दुसरे घातले असतील, तर वाद्य वाजेल चांगले, पण त्याची किंमत मूळ वाद्याची राहणार नाही.

नाव खरे की नुसता स्टिकर

डोक्यावरचे नाव हा कमकुवत पुरावा आहे. फेंडरची नेक बहुधा चार स्क्रूंवर बसते, त्यामुळे एका वाद्याची नेक दुसऱ्याच्या धडावर चढवणे फारसे कठीण नाही. अनुक्रमांकावरून काही कळते: अलीकडच्या अमेरिकी फेंडरवर ‘यूएस’ या अक्षरांपुढचे दोन आकडे वर्षाचे असतात आणि मेक्सिकोतल्या वाद्यांवर ‘एमएक्स’ असते. पण आकडे चिकटवताही येतात. म्हणून आतला पुरावा पाहावा. आवाजाच्या बटणाखालच्या पॉटवर, म्हणजे आवाज कमी-जास्त करणाऱ्या फिरत्या भागावर, विशेषतः जुन्या वाद्यांत, उत्पादकाचा अंक आणि त्यापुढे वर्ष व आठवडा छापलेला असतो. १३७ ने सुरू होणारा अंक सीटीएस या कंपनीचा. १३७७६३३ असे असेल तर तो पॉट १९७६ च्या ३३व्या आठवड्यातला, आणि पॉट मूळचा असेल तर वाद्य त्याआधीचे असूच शकत नाही. पॉटवरचे डागकाम (सोल्डरिंग) ताजे आणि चमकदार दिसले तर तो नंतर बदललेला आहे, असे समजावे. स्क्रूंच्या शेजारी बुजवलेली जुनी भोके आणि खुंट्यांमागे वेगळ्या आकाराचे ठसे हीदेखील बदलाचीच खूण असते.

रंग पुन्हा दिला आहे का, हे पाहायला नोटा तपासण्याचा जांभळा टॉर्च उपयोगी पडतो. जुने नायट्रोसेल्युलोज रोगण त्याखाली हिरवट-पिवळे चमकते. मध्येच काळसर पट्टा दिसला तर तिथे नंतर हात फिरला आहे. रिकनबॅकरबाबत विशेष सावध राहावे. ही वाद्ये केवळ अमेरिकेत बनतात आणि त्यांच्या नकला मोठ्या प्रमाणात फिरतात, त्यामुळे स्वस्तात मिळालेली रिकनबॅकर बहुधा स्वस्तातलीच असते.

‘व्हिडिओ पाहून मागवली तर?’

मोबाइलचा स्पीकर ४१ कंपनांचा सूर काढूच शकत नाही. आपण ऐकतो ते त्या सुराचे वरचे अंश, आणि तळ मेंदू आपल्या मनाने भरतो. त्यामुळे मोबाइलवरच्या व्हिडिओतून बासचा आवाज पारखणे म्हणजे छायाचित्रावरून आमटीची चव घेणे. वाद्य दूरचे असेल तर व्हिडिओऐवजी काही छायाचित्रे मागवावीत: नेक एका टोकाकडून नजरेच्या रेषेत, फटीतले कार्ड, ट्रस रॉडचे तोंड, नटची पाठ, पॉटचा अंक आणि सामानाच्या काट्यावर टांगलेले पूर्ण वाद्य. चार किलोच्या आसपासचे वजन चांगले. पाच किलोचे वाद्य चार तासांच्या गरब्यात खांद्याकडून मोजून वसूल करते. परदेशातून येणार असेल तर सीमाशुल्क धरावे. शिसवीच्या जातीच्या लाकडांवर २०१७ मध्ये आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध आले होते, त्यातून २०१९ च्या अखेरीस तयार वाद्ये वगळली गेली. ब्राझिलियन शिसव मात्र आजही कडक बंधनात आहे.

दांडिया बाजारातल्या त्या बासचे पहिले पाच फ्रेट बरेच झिजले होते, पण ट्रस रॉड लोण्यात सुरी फिरावी तसा फिरला. तरीही मी भाच्याला लगेच पैसे देऊ दिले नाहीत. “मामा, दुसरे कुणी नेईल ना,” असे तो जिन्यातच कुरकुरला. मालक स्वतः पंधरा वर्षे वाजवत आले होते. त्यांना मी पाऊस सुरू झाल्यावर पुन्हा येऊ का असे विचारले, तेव्हा त्यांनी हसून होकार दिला आणि विसार म्हणून पाच हजार ठेवून घेतले. जुलैच्या मध्यावर गेलो तेव्हा सूरसागर तलाव काठोकाठ भरला होता आणि कार्ड फटीत ढिले पडत होते. मालकांनी पाना काढला, पाव फेरा आवळला आणि दहा मिनिटांनी तेच कार्ड पुन्हा घासत आत गेले. फ्रेट बदलण्याचा खर्च वजा करून व्यवहार ठरला, आणि अनुक्रमांक, दोघांच्या सह्या व तारीख असलेला कागद खोक्याच्या कप्प्यात ठेवून आम्ही ती घरी आणली.